सकाळी फिरायला जाणारे भुजंगराव

२ एप्रिल. गेटवर लावायची नोटीस हाताने लिहायला बसले आहे. ऑफिसचा प्रिंटर दोन दिवसांपासून बंद आहे आणि हंगाम काही त्याच्यासाठी थांबणार नाही. हेड ऑफिसने पाठवलेला मजकूर समोर आहे: बियाण्याच्या उगवण तपासणीसाठी अर्धवेळ मदतनीस पाहिजेत, सकाळी आठ ते बारा, शिक्षण दहावी, वय पंचेचाळीसच्या आत.

वयाच्या ओळीपर्यंत आले आणि पेन खाली ठेवलं. चहा करून प्यायले, कप धुतला. ओळ तिथंच होती.

तीन वर्षांपूर्वी याच ओळीसमोर भुजंगराव उभे होते. मी खिडकीतून बघत होते. धोतर, पांढरा सदरा, टोपी, बगलेत प्लॅस्टिकची पिशवी. त्यांनी नोटीस वाचली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, परत येऊन बोट ठेवून पुन्हा वाचली. मला वाटलं, सुनेसाठी नाहीतर नातीसाठी बघत असतील. मग ते सरळ आत येऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"बाई, बाहेर लिव्हलंय त्या कामाला आलो."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"वय बघितलं का त्यात?"

"दोनदा बघितलं. बाकीचं समदं बराबर हाये, तेवढं एक जमत न्हाई."

"किती आहे?"

"सदुसष्ट. कागदावर पासष्ट. तुम्ही कागद धरा."

मी शिक्षणाचा दाखला मागितला. त्यांनी पिशवीतून दोऱ्याने बांधलेली एक चळत काढली आणि माझ्यासमोर ठेवली. सातबाराचे उतारे होते. जुने, नवे, काही हाताने लिहिलेले, काही छापील.

"काका, दाखला शाळेचा लागतो."

"शाळेचा सातवीपर्यंतचा हाये, तो न्हाई आणला. हे बघा. कोणत्या साली काय पेरलं, किती रानात पेरलं, समदं तलाठ्यानं लिव्हलंय. चाळीस सालांचं हाये. शाळेनं ह्याच्यापेक्षा जास्त काय लिव्हलं असतं?"

नोकरीच्या अर्जाला सातबारा जोडणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. मी दोन-तीन उतारे चाळले. ज्वारी, कापूस, मूग, पुढे पुढे सगळं सोयाबीन.

भोकरदन रस्त्यावरच्या आमच्या खोलीत काम साधं आहे. बियाणं पिशव्यांत भरण्याआधी ते किती उगवतं हे बघायचं. शंभर दाणे ओल्या कागदावर ओळीनं मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, ती उबदार कपाटात उभी ठेवायची, आठव्या दिवशी उघडून मोजायची. चांगले कोंब एकीकडे, वेडेवाकडे एकीकडे, मेलेले दाणे एकीकडे. सोयाबीनचे शंभरात सत्तर चांगले आले की माल पास. एकोणसत्तरला नापास, आणि नापास म्हणजे अख्खा ट्रक परत. अंगमेहनत नाही, पण नजर आणि डोकं दोन्ही जागेवर लागतं. वीस वर्षं मी ही खोली सांभाळते आहे. त्या वर्षी दोन मुली लग्न होऊन गेल्या होत्या आणि कपाटात गुंडाळ्या दाटीनं उभ्या होत्या.

"घरी काही अडचण आहे का?" मी विचारलं.

"बिलकुल न्हाई. पोरगा चांगला, सून चांगली. इथं जालन्यात दुसऱ्या मजल्यावर राह्यलो. रान ठोक्यानं दुसऱ्याला कसायला दिलं. दिवसभर चप्पल पायात घालायचं कारण पडत न्हाई, बाई."

"मग घरी सांगितलंय ना, कामाला जातो म्हणून?"

"घरी सांगितलंय, सकाळी फिरायला जातो."

"चार तास?"

"हळू चालतो म्हणायचं."

त्यांचं गाव राजूरच्या पलीकडे. चांगली जमीन, जुनं घर, भावकीत मान. बायको गेल्यावर मुलानं, संजयनं, त्यांना शहरात आणलं होतं. नातीसाठी स्थळं बघणं चालू होतं. गावात कळलं असतं तर लोक म्हणाले असते, पोरानं बापाला शहरात नेऊन कामाला जुंपलं. ते त्यांना नको होतं. पण घरी बसणंही नको होतं. त्यांनी हे सगळं अडीच मिनिटांत, दाराकडे बघत सांगितलं.

मी एक आठवडा या म्हटलं. हजेरीपटावर नाव लिहिलं आणि वयाचा रकाना कोरा ठेवला. त्या कोऱ्या रकान्यावर पुढचे दोन हंगाम माझी सही होती. हेड ऑफिसचे साहेब आले की पहिल्यांदा मी हजेरीपट कुठं आहे ते बघायची.

भुजंगराव आठच्या कामाला साडेसातला यायचे. आल्यावर आधी टोपी काढून घडी घालून पिशवीत ठेवायची. टोपीवरून माणूस लांबून ओळखू येतो, असं त्यांचं म्हणणं. मग पांढरा अॅप्रन, मग शेवटचं, चौथं टेबल. ते टेबल रस्त्यावरून दिसत नाही. स्टुलावर पाय सोडून बसणं त्यांना कधी जमलं नाही. त्या वीतभर गोलावर ते मांडी घालून बसायचे आणि मला रोज वाटायचं, आज पडणार.

गुंडाळी उघडण्याआधी ते तिचा वास घ्यायचे. "हिच्यात बुरशी हाये," म्हणायचे, आणि असायची. मला मॅडम म्हणणं त्यांच्या जिभेवर शेवटपर्यंत बसलं नाही. बाईच म्हणाले. कामाला काम म्हणत नसत. "बाईंना हातभार लावून राह्यलो," म्हणायचे. आम्ही आठव्या दिवशी मोजण्याची घाई करायला लागलो की म्हणायचे, "घाई तुम्हाला हाये, दाण्याला न्हाई."

रुक्साना आमच्याकडची जुनी मोजणारी. तिची त्यांच्याशी लगेच गट्टी जमली.

"काका, आज कुठपर्यंत फिरून आले?"

"राजूरपर्यंत गेल्तो बेटी. पाय दुखून राह्यले."

"मग देवळात दर्शन झालं असेल."

"बाहेरूनच केलं. जल्दी यायचं होतं ना."

त्यांनी एक गोष्ट स्वतःच्या मनाने सुरू केली. आमचे ढीग तीन. भुजंगरावांचे चार. चौथ्यात ते असे कोंब ठेवायचे, ज्यांचं मूळ आखूड होतं किंवा मान वाकलेली होती, पण जीव होता. त्याला त्यांनी नाव दिलं होतं, उद्याचा ढीग. तक्त्यात हे कोंब ते नापासच लिहायचे, नियम मोडायचे नाहीत. पण कचऱ्यात टाकायचे नाहीत. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून खिडकीत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी मागच्या भिंतीलगत खुरप्यानं लावायचे. दोन महिन्यांत तिथं सोयाबीन, मूग, भेंडी अशी भलतीच रांग उभी राहिली. साहेबांनी पाहिली आणि विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, शोभेची झाडं. साहेब पुण्याचे होते, त्यांनी मान डोलावली.

मी मात्र त्यांना बोलले. मोजलेला नमुना खोलीत राहिला आणि दुसऱ्या नमुन्यात मिसळला तर माझी नोकरी जाईल, हे स्पष्ट सांगितलं.

"एक दिवस थांबलं तर काय जातं, बाई?"

"किती जगले त्यातले?"

ते मागं जाऊन मोजून आले. "दहातले दोन."

"मग?"

"मंग तुमचंच बराबर हाये. आठ मी उगाच थांबवले." आणि खिडकीतलं वर्तमानपत्र त्यांनी स्वतः उचललं. पण टेबलावर चौथा ढीग करणं आणि जगलेल्यांना पाणी घालणं काही बंद केलं नाही.

जून लागला की शेतकरी घरचं सोयाबीन तपासायला घेऊन येतात. तो महिना भुजंगरावांचा जीव टांगणीला. दाराची कडी वाजली की ते आधी मान खाली घालायचे, मग कानोसा घ्यायचे. अनोळखी आवाज असला की पुन्हा चिमटा हातात.

एका सकाळी साडेनऊला त्यांच्याच गावचा सोपान आला. हातात पिशवी, बोलण्यात जोर. मी पावती करत होते तेवढ्यात हा थेट चौथ्या टेबलापर्यंत गेला.

"अण्णा? टोपी कुठं तुमची?"

भुजंगराव उठून उभे राहिले. चिमटा त्यांनी अॅप्रनच्या खिशात कधी टाकला ते मला दिसलंही नाही.

"उकडून राह्यलं," ते म्हणाले.

"अन् हा डगला?"

"इथं आत यायचं तर घालावाच लागतो. साहेब लोकं बी घालतात."

"तुम्ही काय आणलं तपासायला? रान तर ठोक्यानं दिलं ना?"

मी पावतीवरची मान वर न करता म्हटलं, "त्यांचा नमुना कपाटात आहे. बारा वाजतील."

मदत करायला गेले आणि काम वाढवलं. सोपान म्हणाला, "मंग मी बी थांबतो अण्णा. संगंच जाऊ."

अडीच तास! दोघं भिंतीजवळच्या बाकावर बसले. सोपान गावाकडच्या गोष्टी सांगत होता: कोणाची विहीर, कोणाचं बोअर, कोणाच्या मुलाची नोकरी गेली. भुजंगराव हं हं करत होते. हात गुडघ्यांवर, नजर चौथ्या टेबलावर. तिथं त्यांनी उघडून ठेवलेली गुंडाळी पंख्याखाली वाळत होती. सोपानसमोर ते उठू शकत नव्हते आणि मलाही पावतीची रांग सोडून जाता येत नव्हतं. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"बाई, तो तिसरा कागद सुकून राह्यला."

"तुम्हाला काय करायचं त्यांच्या कागदाचं?" सोपान म्हणाला.

रुक्साना काहीतरी पडल्यासारखं करून टेबलाखाली गेली आणि बराच वेळ वर आली नाही.

बारा वाजता दोघं बरोबर बाहेर पडले. पाऊण तासाने भुजंगराव रिक्षातून एकटे परत आले. सदरा पाठीला चिकटलेला. सोपानला गाडीत बसवून, गाडी सुटेपर्यंत थांबून आले होते. टोपी काढली, पिशवीत ठेवली, राहिलेल्या गुंडाळ्या ओढल्या आणि दोन वाजेपर्यंत मोजत बसले.

"आज फिरणं लांबलं," एवढंच म्हणाले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी संजय आला. पंचेचाळिशीचा, नीटनेटका, हेल्मेट हातात.

"इथं माझे वडील येतात का? भुजंगराव. शेजाऱ्यांनी सांगितलं, रोज या रस्त्याच्या रिक्षात बसतात."

मी खोटं बोलणार होते. आदल्याच महिन्यात बोलले होते, सवय झाली होती. पण हा माणूस घाबरलेला होता.

"येतात. आत आहेत. काम करतात, आठ ते बारा."

तो काचेच्या दारापाशी गेला. आत भुजंगराव पाठमोरे, स्टुलावर मांडी घालून बसलेले. तो इतका वेळ उभा राहिला की मला वाटलं, आता आत जाणार आणि हात धरून नेणार. मी उठून उभी राहिले होते. हजेरीपटही डोळ्यांसमोर आला.

"मला वाटलं, त्यांना विसरायला होतंय," तो वळून म्हणाला. "काय काय मनात आलं माझ्या. चार चार तास फिरायला कोण जातं? कुठं फिरले ते सांगता येत नाही. पण हल्ली जेवतात पोटभर."

"सांगू का त्यांना, तुम्ही आल्याचं?"

"नको. त्यांनी मला सांगितलं नाही म्हणजे त्यांना नको असेल." आणि जाता जाता, "स्टूल पक्कं आहे ना ते?"

दुसऱ्या दिवसापासून भुजंगरावांच्या पिशवीत डबा यायला लागला. सून म्हणते, फिरून भूक लागते, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. बाप मुलापासून लपवत होता, मुलगा बापापासून, आणि दोघांचं माझ्याकडे जमा होत होतं. मला हे असलं सांभाळायला आवडत नाही. मी दाणे मोजणारी बाई आहे.

दुसऱ्या हंगामात आकडे खाली यायला लागले.

आधी मला वाटलं, मालच खराब आहे. मग हेड ऑफिसचा फोन आला: तुमच्याकडेच एवढा माल सत्तरच्या खाली कसा? मी तक्ते काढून बसले. रुक्सानाचे आकडे नेहमीसारखे होते. कमी येत होते ते चौथ्या टेबलाचे. भुजंगरावांनी अडुसष्ट लिहिलेली एक गुंडाळी मी रुक्सानाला पुन्हा मोजायला दिली. त्र्याहत्तर.

म्हणजे चांगला माल परत चालला होता. कोणीतरी वर्षभर राबून पिकवलेला.

मी त्यांच्याकडे नीट बघायला लागले. गुंडाळीचा मधला भाग ते बरोबर मोजत. कडेचे कोंब दिसावेत म्हणून अख्खी मान वळवत. रुक्साना उजवीकडून चहा ठेवायची तर कपाला त्यांचा धक्का लागायचा. हे सगळं महिनाभर माझ्यासमोर चाललं होतं आणि मी बघितलं नव्हतं, कारण मला बघायचं नव्हतं.

मग मी चाचणी ठरवली. एकच गुंडाळी, एकच माणूस, एकाच दिवशी दोनदा. मध्ये चिठ्ठी बदलायची, कोंब सरमिसळ करून परत कागदावर ठेवायचे. दोन आकड्यांत दोनपर्यंत फरक चालेल. त्याच्यावर गेला तर त्या माणसानं मोजायचं नाही. नियम माझा. चौघींना आणि त्यांना, सगळ्यांना लावला, पण खरा कोणासाठी होता ते मला माहीत होतं. चाचणीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या टेबलावरचा दिवाही बदलून जास्त प्रकाशाचा लावला. तेवढंच हातात होतं.

सकाळी आठला त्यांनी मोजलं. अठ्ठ्याहत्तर.

अकरा वाजता चिठ्ठी बदलून मी तीच गुंडाळी पुन्हा त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी वास घेतला. उघडली. सुरुवातीच्याच एका कोंबापाशी थांबले. मान एका बाजूला वाकलेला, शेंड्याला चीर असलेला कोंब होता. तो चिमट्यात धरून त्यांनी डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि बाजूला ठेवला. मग मोजायला लागले. मी माझ्या टेबलावर काहीतरी लिहीत असल्यासारखी बसले होते. काय लिहिलं ते नंतर पाहिलं तर नुसत्या रेघा होत्या.

त्यांनी तक्ता आणून दिला. चौऱ्याहत्तर.

"बाई," ते हळूच म्हणाले, रुक्सानाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "ही लेकरं मला सकाळी भेटल्ती. तो वाकडा मी उद्याच्या ढिगात ठेवला होता."

माझा चेहरा गरम झाला. "ओळखलं होतं तर सकाळचाच आकडा का नाही लिहिला?"

"सकाळी दिसले ते सकाळी लिव्हले. आता दिसले ते आता लिव्हले." मग तक्त्यावर बोट ठेवून, "चार मला सापडले न्हाईत. असतील तिथंच."

त्यांनी चिमटा धुतला, पुसला, जागेवर ठेवला. अॅप्रनची घडी घातली. टोपी पिशवीतून काढून तिथंच, खोलीत, डोक्यावर ठेवली. रुक्साना बघत राहिली. तिनं त्यांना आमच्या खोलीत टोपी घातलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"तुमची परीक्षा बराबर होती," ते दारातून म्हणाले. "फक्त नुसती चिठ्ठी बदलून भागत न्हाई. शेतकऱ्याला दिसलेलं रोप तो विसरत न्हाई."

नियम मोडायची माझी तयारी नव्हती. ते गेल्यावर मी संजयला फोन केला आणि डोळे दाखवून घ्या, आजच, असं सांगितलं. मोतीबिंदू असेल, काढतील, पुढच्या हंगामाला येतील, असा माझा हिशोब. मोतीबिंदू नव्हता. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून टिकवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. संजय हे सांगायला स्वतः आला होता. दवाखान्याच्या बाकावर बसून त्यानं वडिलांना सांगून टाकलं होतं की, मला माहीत होतं तुम्ही कुठं जाता ते.

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, मलाही माहीत होतं तुला माहीत आहे ते. एकाएकी डबा सुरू झाला तेव्हाच कळलं."

"आता घरीच असतात?"

"घरीच. बाल्कनीत बसतात. बोलत नाहीत." तो हेल्मेट हातात फिरवत राहिला. "चप्पल कपाटात ठेवून दिली त्यांनी."

मी चहा विचारला, तो नको म्हणाला. नंतर मला दोन-तीनदा वाटलं, फोन करावा. केला नाही. काम नव्हतं द्यायला, आणि कामाशिवाय त्या माणसाशी काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं.

गेल्या दिवाळीच्या आधी मी तूरडाळ घ्यायला मोंढ्यात गेले होते. सोयाबीनची आवक जोरात होती, पाय ठेवायला जागा नव्हती. एका आडत दुकानासमोर पोत्यांच्या थप्पीवर भुजंगराव मांडी घालून बसलेले दिसले. डोक्यावर टोपी. डावा हात एका पोत्यात कोपरापर्यंत. डोळे मिटलेले. समोर तीन-चार शेतकरी आणि दुकानदार त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. त्यांनी हात बाहेर काढला, एक दाणा दाढेखाली धरला, चावला, ऐकल्यासारखं केलं.

"ओल हाये," ते म्हणाले. "दोन दिवस ऊन दाखवा, मंग आणा. आज विकला तर तुमचंच नुकसान."

"अण्णा, जरा बराबर बघा ना," शेतकरी म्हणाला.

"बघायचं काम माझ्याकडून गेलं. हात सांगून राह्यला ते सांगतो."

दुकानदाराच्या मुलाला मी विचारलं. सकाळी नऊ ते एक येतात, तो म्हणाला. यंत्र आहे आमच्याकडे, पण लोकांना ते बसलेले पाहिजेत. मोंढ्यात सगळ्या तालुक्याची माणसं येतात. राजूरची येतात, त्यांच्या गावची येतात, सोपान तर येतच असणार. त्या सगळ्यांच्या मधोमध, टोपी घालून, ते उघड्यावर बसले होते.

त्यांच्या पायाशी चपला होत्या, तळ झिजलेल्या. मी हाक मारली नाही. गिऱ्हाईक उभं होतं.

तर आता नोटीस. चहा पिऊन तासभर झाला आणि ओळ अजून लिहिलेली नाही. वयाचं काय करायचं, हा प्रश्न मला भुजंगरावांमुळे पडला आहे असं म्हणता येईल, पण ते अर्धंच खरं आहे. गेल्या हिवाळ्यापासून मी गुंडाळ्या खिडकीशी नेऊन मोजते. रुक्साना विचारते, मॅडम, टेबलावर काय झालं? मी म्हणते, पंखा लागतो. मी छप्पन्न वर्षांची आहे. माझ्या सहीवर ट्रक जातात आणि ट्रक परत येतात. आणि चाचणीचा नियम मी सगळ्यांना लावला होता, म्हणजे एका माणसाला सोडून सगळ्यांना.

३ एप्रिल. साडेसातला खोली उघडली. कोणी आलं नव्हतं. सोयाबीनची आठव्या दिवसाची एक गुंडाळी काढली आणि टेबलावर, दिव्याखाली बसले. खिडकीशी गेले नाही. मोजलं. ऐंशी. तक्त्यात लिहिलं, कोंब सरमिसळ केले, कागद गुंडाळून ठेवला आणि दहा वाजेपर्यंत दुसरी कामं केली.

दहाला पुन्हा उघडली. दुसऱ्याच ओळीत एक पिवळट, दुहेरी शेंड्याचा कोंब होता, सकाळी पाहिलेला. पहिला आकडा मला पाठ होता. मोजत गेले. शेवटच्या कोंबावर चिमटा आला तेव्हा सत्त्याहत्तर झाले होते. पुन्हा एकदा मोजावं, असं फार वाटलं. नियम दोनदाच मोजण्याचा आहे. सत्त्याहत्तर लिहिलं.

मग नोटीस पुरी केली. वयाच्या जागी लिहिलं: मोजणीची चाचणी घेतली जाईल. गेटवर चिकटवून आत आले तर रुक्साना तक्ता हातात घेऊन उभी होती.

"मॅडम, तीनचा फरक आहे. नापास. कोण आली नवीन?"

"नवीन नाही," मी म्हटलं. "मी आहे. आजपासून माझ्या प्रत्येक गुंडाळीवर तू पुन्हा मोजायचंस, आणि सही तुझी."

ती काही बोलायच्या आत मी पर्स उचलली. डोळ्यांच्या दवाखान्यात अकराचा नंबर लावला होता.